आम्ही उकरलेला रस्ता

आमच्या मजूर सहकारी संस्थेचा शिक्का कित्येक वर्षं घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडून असायचा, आणि बाहेर निघायचा तो दुसऱ्याच्याच कामाला. तालुक्याचा एखादा ठेकेदार यायचा, चहा प्यायचा, शिक्का मारून घ्यायचा, सह्या घेऊन जायचा. सरकारी बांधकामातली काही कामं मजुरांच्या संस्थांसाठी राखलेली असतात. ती मिळवायला त्याला आमचं नाव लागायचं, आमचे हात नाही लागायचे. कामावर तो पोकलेन आणायचा आणि परगावची चार माणसं. संस्थेच्या मजूर यादीतले आमचे लोक त्याच रस्त्यावरून एसटीने बाजाराला जायचे आणि खड्ड्यांना शिव्या द्यायचे. कागदावर तो रस्ता त्यांनीच बांधलेला असायचा.

संस्था सासऱ्यांनी काढलेली, दुष्काळी कामांच्या काळात. ते गेले आणि मी दहावी पास सून म्हणून सचिवपद माझ्या गळ्यात आलं. मीही सह्या करत आले. खोटं कशाला बोलू? आपल्याकडून एवढंच होणार, असं मला वाटायचं.

मग त्या भाद्रपदात पाऊस झाला. शेवगाव-पाथर्डीकडची आमची कोरडी बाजू. आमची नदी म्हणजे वर्षातले दहा महिने नुसती वाळू. त्या वेळी मात्र ती दोन दिवस अशी वाहिली की काठच्या जमिनी खरवडून खालचा मुरूम उघडा पडला. गाव आणि माळवस्ती यांच्यामध्ये फरशी होती, म्हणजे सिमेंटच्या नळ्यांवरून नेलेला बुटका पूल. पुराने नळ्या उचलून खालच्या अंगाच्या कपाशीत नेऊन टाकल्या आणि वस्तीकडचा भराव पार कापून काढला. वस्तीवर चाळीसेक घरं. शाळा, दवाखाना, दूध डेअरी सगळं गावात.

माझी धाकटी जाऊ वस्तीवर राहते. वाटणी झाली तेव्हा नदीकाठचं रान तिच्या नवऱ्याला आलं होतं, चांगलं काळं रान. पूर ओसरल्यावर मी तिच्याकडे गेले तर ती बांधावर उभी होती. बांध कसला, बांधाची जागा. रडत वगैरे नव्हती. मला म्हणाली, "अक्का, आता ह्या मुरमात काय गोटे पेरू? यंदा कोयता घ्यावा लागंल."

कोयता घ्यायचा म्हणजे ऊसतोडीला जायचं. वस्तीवरची काही घरं दरवर्षी जातातच. माझी जाऊ लग्नानंतर दोन सीझन गेली होती आणि मग रान पिकायला लागल्यावर पुन्हा जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आता तिची थोरली मुलगी सातवीत होती आणि धाकटं तीन वर्षांचं. आईबाप फडात गेले की धाकट्याला कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीत, कोण बघणार? थोरली. म्हणजे तिची शाळा सुटली. मी म्हटलं, मुलगी माझ्याकडे ठेव. ती म्हणाली, मग बारक्याला काय उसाच्या बुडक्याला बांधू?

त्याच आठवड्यात ठेकेदाराचा माणूस आला. फरशीचं काम निघणार, पूरहानीत बसणार, शिक्का द्या. मी चहा केला. त्याने कागद पुढे केला. त्याच्याशी बोलताना माझ्या डोळ्यांपुढे जावेचा तो बांध होता. मी म्हटलं, "ह्या वेळी शिक्का बाहेर जायचा नाही. काम आमची संस्था करील. यादीत ज्यांची नावं आहेत तीच माणसं करतील."

तो हसला. "वहिनी, पोकलेन हाय का तुमच्याकडं?"

"टिकाव आहेत," मी म्हटलं.

तो गेल्यावर माझे मालक म्हणाले की तू डोक्यावर पडलीस काय. पण हसत म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आमची पिठाची गिरणी बंद ठेवून माझ्याबरोबर नगरला आले. जिल्ह्याचं नाव कागदावर अहिल्यानगर झालंय, पण कंडक्टरला आम्ही अजून नगरच सांगतो. संस्थेचे राहिलेले कागद पुरे केले, तालुक्याच्या बांधकाम ऑफिसात अर्ज दिला. साहेबांनी सांगितलं, शाखा अभियंता येऊन नुकसान मोजतील, अंदाजपत्रक होईल, मग पुढचं. मजुरांच्या संस्थांना काम सोडतीने मिळतं, पण पूरहानीची कामं इतकी निघाली होती की आमच्या बाजूला अर्ज करायला संस्थाच कमी होत्या.

मी वस्तीवर जाऊन दहा जोडप्यांना बसवलं आणि शब्द दिला. कोणी ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊ नका. दिवाळीनंतर इथंच काम निघेल, बायांना आणि गड्यांना सारखाच रोज. जावेने सगळ्यांसमोर विचारलं, "नक्की का, अक्का?" मी म्हटलं, "नक्की."

नक्की म्हणायला माझ्याकडे काय होतं? एक अर्ज आणि एक पोचपावती.

आता जी चूक झाली ती माझी. ती अशी.

आमच्याकडे सावड आहे. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. पैसे नाहीत, हिशेब नाही, ज्याचं काम त्याच्याकडे भाकरी. विहिरीचा गाळ असो की कुणाचं छप्पर पडलेलं असो, गाव सावडीने उभं राहतं. फरशी गेली तेव्हा वस्तीवरचं दूध बाया डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आणत होत्या. पाणी उतरलं तरी भगदाड होतंच. एक म्हातारी त्यात पडून पाय मोडून बसली. मला ते बघवेना. मी मारुतीच्या देवळातल्या माइकवरून सांगितलं, रविवारी सावड.

रविवारी अख्खं गाव लोटलं. ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी गाड्या जुंपल्या, दोन ट्रॅक्टर आले, नदीतले गोटे, माळावरचा मुरूम. गावचे गवंडी चाचा, सत्तरीचे, पांढरी टोपी घालून भगदाडाच्या काठावर उभे राहून कुठला गोटा कुठे ते काठीने दाखवत होते. जावेने शेंगोळ्यांची दोन पातेली केली. दिवेलागणीला भराव झाला. पहिला टेम्पो वस्तीकडे चढला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी त्या रात्री इतकी समाधानाने झोपले की काय सांगू.

गुरुवारी दुपारी शाखा अभियंता आले. तरुण होते, पायात पांढरे बूट, हातात फीत. भरावावर उभे राहून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"ताई, नुकसान कुठं आहे?"

"तुम्ही उभे आहात तिथंच की, साहेब."

"मी तर रस्त्यावर उभा आहे."

मी त्यांना मोबाईलवरचे फोटो दाखवले. तलाठ्याचा पंचनामा दाखवला. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं. मग म्हणाले, "पंचनामा बरोबर आहे. पण मला खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली माझ्या फितीने घ्यावी लागते, माझ्या फोटोत यावी लागते. नळ्या गेल्यात, त्या धरता येतील. बाकी रस्ता तुम्ही चालू केलाय. चालू रस्त्याचं एवढं मोठं काम मी कसं लिहू? लिहिलं तर उद्या मलाच विचारतील."

त्यांचं काही चुकत नव्हतं. तेच तर लागलं. खोट्या कामांवर इतकी वर्षं सह्या केल्या तेव्हा सगळे कागद बरोबर बसायचे, आणि खरं काम निघालं तेव्हा मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. नुकसान आम्ही भरून टाकलं होतं, मापात काय येणार? नळ्यांपुरतं काम म्हणजे पाच माणसांचं, आठ दिवसांचं.

साहेब गेले. संध्याकाळी जाऊ आली. दारात उभी राहून म्हणाली, "काय म्हनले सायेब?"

मी चुलीपुढे होते. वर पाहिलं नाही. "जमेल असं दिसत नाही," म्हणाले.

ती थोडा वेळ थांबली. मी आणखी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मला राग येतो, तो सगळा मी भाकरीवर काढत होते. ती "बरं" म्हणून गेली. त्याच रात्री तिच्या नवऱ्याने आणि आणखी तीन घरांनी मुकादमाकडून उचल घेतली. एकदा उचल घेतली की सीझन सरेपर्यंत माणूस परत येत नाही.

सकाळी मी नदीवर गेले. कशाला गेले ते माहीत नाही. मुकादमाचा ट्रक आला, आमच्याच भरावावरून वस्तीवर चढला, चार जोडपी भरून त्याच भरावावरून खाली उतरला. पुरानंतर पंधरा दिवस तिथं सायकल जात नव्हती. सावड केली नसती तर ट्रक ह्या काठालाच अडला असता. वर गाठोडी, पातेली, कोंबड्यांची पाटी, त्यांच्यामध्ये माझी जाऊ. थोरलीच्या मांडीवर धाकटं. जावेने मला पाहिलं आणि हात केला. मला हात वर करता आला नाही.

ट्रक वळणाआड गेला. भरावाच्या कडेला सावडीतला कुणाचा तरी टिकाव राहिला होता. मी तो उचलला आणि भरावात घातला.

विचार करून नाही घातला. पहिले आठ-दहा घाव नुसते रागाचे होते. मग एक गोटा सुटून घरंगळला आणि त्यामागे पुराने कापलेली मातीची उभी कड दिसली. ओली, काळी, पुराच्या गाळाची रेघ अजून तशीच तिच्यावर. मी थांबले. म्हटलं, खड्डा गेला कुठं होता? तो आहेच की इथं. आम्ही वरून झाकलाय फक्त.

गवंडी चाचा शेळ्या घेऊन येत होते. मला बघून काठीवर रेलले. "काय गं पोरी, येडी झालीस का?"

मी त्यांना सांगितलं. साहेब काय म्हणाले, काम कसं गेलं, ट्रक कसा गेला. चाचांनी भराव पाहिला. एकेक गोटा त्यांनी सांगितलेल्या जागी बसला होता. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं.

"रविवारचा सगळा घाम मातीत गेला म्हन की," ते म्हणाले. मग शेळ्या बाभळीला बांधल्या. "गोटं वरच्या अंगाला रचून ठिवा, खाली सोडू नका. पुन्ना हेच लागनार हायेत."

मी देवळात जाऊन माइक लावला. सरळ सांगितलं, की माझी चूक झाली, साहेबांनी मोजायच्या आधी आपण रस्ता केला, आता तो काढायचाय, जमेल त्याने यावं. लोक आले ते आधी भांडायला आले. दूधवाले म्हणाले, आमी पुन्ना पान्यातून जायचं का? ज्यांचे बैल रविवारी राबले होते ते म्हणाले, आमची जनावरं काय फुकटची हायेत? पाय मोडलेल्या म्हातारीचा मुलगा सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "माझ्यावर नंतर ओरडा. दुसऱ्या मुकादमाची गाडी आठ दिवसांनी आहे. तिच्यात आपली सहा घरं जाणार आहेत, उचल अजून घेतलेली नाही. तुम्हाला रस्ता आज पाहिजे का त्यांच्यासकट पाहिजे?"

म्हातारीच्या मुलाने घमेलं उचललं. त्याच्या बायकोची बहीण त्या सहा घरांतली होती.

दुधासाठी त्यांनी आधी खालच्या अंगाला वाळूची पोती टाकून पायवाट केली. संध्याकाळपर्यंत भगदाड उघडं झालं, पुराने केलं होतं तेवढंच. चाचा कुणाला एक घमेलंही जादा काढू देत नव्हते. "पुरानं नेलं तेवढंच. आपल्या पदरचं एक खोरं न्हाई." जुनी कड आली की ते काठी आडवी धरायचे.

मी साहेबांना फोन केला. "साहेब, रस्ता गेला."

"आज तर पाऊस नाही."

"तुम्ही या तर."

ते परवा येतो म्हणाले आणि आले. खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. रचून ठेवलेले गोटे पाहिले, पोती पाहिली, आमचे फोड आलेले हात पाहिले. मला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि खाली उतरले. कडेवरची गाळाची रेघ बोटाने चाचपली, पंचनाम्याशी ताडून पाहिली. फीत धरायला मला बोलावलं. नोंदीत त्यांनी लिहिलं की ग्रामस्थांनी केलेला तात्पुरता भराव काढून मूळ नुकसानीचे मोजमाप घेतले. लपवाछपवी काही नाही. वर येऊन म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी आधी फोन करा, मग पुण्य करा."

सहा घरांनी बांधलेली गाठोडी सोडली. मंजुरीला वेळ लागला, मला तालुक्याला किती चकरा झाल्या ते एसटीच्या कंडक्टरला विचारावं. तोवर आमची माणसं मिळेल तिथं गेली, कुणी राहात्याकडे पेरू तोडायला, कुणी शनिवारच्या गर्दीत शिंगणापूरला दुकानावर. पण घरं उघडी राहिली, मुलं शाळेत राहिली. काम आमच्या संस्थेच्या नावावर निघालं, आणि त्या दिवशी मी शिक्का पेटीतून काढून स्वतः मारला.

काम सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात सिमेंटच्या चाचणीचे ठोकळे पडले, म्हणजे ताकदीत कमी आले. माल कालवताना पाणी जास्त होत होतं. बाया म्हणाल्या, कमी पाण्याचा माल हलवत नाही. चाचा म्हणाले, हलवत न्हाई म्हनूनच टिकतो. तेवढा भाग फोडून पुन्हा केला. रडारड झाली, पण फोडला. नळ्या बसल्या. मग भरावाच्या उतारावर दगडांची बांधणी सुरू झाली. चाचांनी बायांना शिकवलं, दगडाची लांब बाजू आत गेली पाहिजे, दिसायला चांगली म्हणून बाहेर ठेवायची नाही. पाणी वरचं बघत नाही, आत किती गेलाय ते बघतं.

ऑफिसातल्या कारकुनाने मला सुचवलं होतं, जी चार जोडपी गेली त्यांची नावं यादीतून काढा, हजेरीत रिकाम्या रांगा बऱ्या दिसत नाहीत. मी काढली नाहीत. रोज हजेरी घेताना जावेच्या नावापुढे आडवी रेघ मारायचे. रोज.

गुढीपाडव्याच्या पुढे सीझन सरला. वस्तीकडच्या उताराचं शेवटचं काम राहिलं होतं. ट्रक ह्या काठाला थांबला, जाऊ उतरली. अंगाने निम्मी झाली होती. पुलाच्या तोंडाशी उभी राहून तिने एकदा इकडून तिकडे पाहिलं.

"माजं नाव हाय का गेलं?"

"आहे," मी म्हटलं. "उद्यापासून ये."

ती दुसऱ्या दिवशी आली. अकरा दिवसांचं काम होतं, तेवढं तिने केलं. तिचा हात चांगला, चाचा तिला कोपरे द्यायचे. शेवटच्या दिवशी दोघी उतारावर पाय सोडून बसलो होतो. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. टिकाव, माइक, साहेब. तिने गावातून ऐकलं होतंच.

"कवा उकरला म्हनतीस?"

"तुमचा ट्रक गेला त्याच दिवशी."

ती म्हणाली, "आदल्या रातीला तू नुसतं म्हनली असतीस, उंद्या बघू, तर मी त्याला उचल घिऊ दिली नसती. एक दिस थांबले असते. पोरीचं वरीस गेलं गं, अक्का."

मी तिची समजूत घातली नाही. कशाने घालणार? मुलगी पुन्हा सातवीच्याच वर्गात बसते, तिच्यापेक्षा बुटक्या मुलींत. माझ्या ओट्यावर अभ्यासाला येते. मी तिला भाकरी वाढते.

यंदा मुकादम आषाढातच वस्तीवर आला. पाऊसकाळ अजून धड झाला नव्हता, पण त्याला जोडपी आधीच बांधून घ्यायची होती. आम्ही पुलावर बसलो होतो. त्याने गाडी थांबवून जावेला विचारलं, "नाव लिवू का?"

पुलाच्या खालच्या अंगाला गेल्या वर्षीच्या त्याच पुराने बंधाऱ्याची भिंत नेली आहे. त्याच्या दुरुस्तीचं मी घरात एकदा बोलले होते, तेवढंच. अर्जसुद्धा दिलेला नव्हता.

"न्हाई," जाऊ म्हणाली. "आमच्या संस्थेचं काम हाय इथं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "व्हय का, बाई?"

माझ्याकडे ह्या वेळी पोचपावतीही नव्हती. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती, नदीकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं.

तो गेला. जावेला मी म्हटलं, अजून काहीच झालेलं नाही, अर्जही नाही. बंधाऱ्याला कुणी हात लावू नका, एक गोटा इकडचा तिकडे करू नका. जमलं नाही तर जमलं नाही म्हणून तुझ्या दारात येऊन सांगेन, आणि पुढं काय करायचं तेही सांगेन. ती म्हणाली, "जा मंग. एसटी चुकंल." मी घरी जाऊन पेटीतून शिक्का घेतला आणि तालुक्याच्या एसटीसाठी फाट्यावर जाऊन उभी राहिले.